तोंड आक्रसतं, वाव खोल होते

बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलाला 'वाव' हा शब्द दोनदा शिकावा लागतो. घरात कुणी 'सुधारणेला वाव आहे' म्हणतं, तेव्हा वाव म्हणजे जागा. आणि बडोद्याजवळच्या सेवासीला गेलं की वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. रस्त्यावरून पाहिलं तर जमिनीत एक लांबट चर दिसतो, एवढंच. उतरायला लागलं की खांब, त्याखाली पुन्हा खांब, मजल्याखाली मजला, भर मे महिन्यातही गारवा. खाली पोचून मान वर केली की आभाळाचा एक तुकडा उरलेला असतो. वरून पाहून आतल्या जागेचा अंदाज बांधणारा माणूस इथे हमखास चुकतो.

परवा अकरावीतल्या भाचीला कृष्णविवरांचं बाष्पीभवन समजावून सांगताना मला ही वाव आठवली. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मामा, हे सगळं बाहेरचं झालं. विवर आटतं तेव्हा आत काय होतं?" प्रश्न नेमक्या जागी लागला होता. कृष्णविवर हळूहळू प्रारण सोडतं, म्हणजे लहरींच्या रूपात ऊर्जा टाकतं, त्याचं वजन घटतं, शेवटी ते संपतं, ही सगळी हकिगत विवराच्या तोंडाची आहे. आतली हकिगत तिच्या जवळजवळ उलट आहे. बाहेरून विवर लहान होत जातं. आतून ते मोठं होत जातं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात शब्दांचा खेळ नाही, आणि गेल्या पन्नास वर्षांतला भौतिकशास्त्रातला एक मोठा वाद याच विसंगतीवर उभा आहे.

आधी तोंडाबद्दल थोडं. एखाद्या वस्तूचं सगळं वस्तुमान पुरेशा लहान गोलात कोंबलं, तर त्या गोलाच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. सूर्याइतक्या वस्तुमानासाठी या गोलाची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर, पृथ्वीसाठी सुमारे ९ मिलिमीटर. म्हणजे अख्खी पृथ्वी एका बोरात. या सीमेला घटनाक्षितिज म्हणतात. तिथे भिंत नाही, पडदा नाही, पाटी नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा काळ्या घोड्याजवळच्या पुलाखालून धावणारं पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांना ही सीमा चटकन कळेल. प्रवाहात पुढे पुढे पाण्याचा वेग वाढत जातो असं समजा. एका जागी तो पट्टीच्या पोहणाऱ्याच्या वेगाइतका होतो. त्या जागी पाण्यावर कसलीच खूण नसते. पोहणाऱ्यालाही काही जाणवत नाही. पण त्या जागेच्या पुढे गेलेला माणूस कितीही हात मारो, तो खालीच जाणार. कृष्णविवरात अवकाशच आत वाहतं असं मानलं, तर त्याचा वेग प्रकाशाइतका होतो ती जागा म्हणजे क्षितिज.

आता आत शिरू. इथे 'विवर' हा आपला शब्द घात करतो. विवर म्हटलं की तळ डोळ्यांपुढे येतो, आणि तळाशी चिरडून पडलेल्या ताऱ्याचा ढीग. तसं नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून क्षितिजाच्या आतलं चित्र काढलं, तर काळ आणि केंद्राकडे जाणारी दिशा यांची अदलाबदल झालेली दिसते. बाहेर असताना 'केंद्र' ही एक जागा असते, तिच्याकडे जायचं की नाही हे आपल्या हातात असतं. आत गेल्यावर केंद्र ही जागा राहत नाही, ती वेळ होते. ज्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात, म्हणजे जिथे सगळं चिरडून संपतं, ती आतल्या माणसाच्या समोर, पायाखाली किंवा डावीकडे नसते. ती त्याच्या उद्यात असते. मांडवीकडे चालत गेलात काय किंवा अलकापुरीकडे, उद्याची सकाळ टळत नाही. तसंच ते.

हा 'उद्या' किती लांब? सूर्याइतक्या वस्तुमानाच्या विवरात जास्तीत जास्त १५ मायक्रोसेकंद. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं सॅजिटेरियस ए-स्टार हे विवर आहे. त्याच्यात एक मिनिट आणि वर काही सेकंद. एम-८७ दीर्घिकेतल्या साडेसहाशे कोटी सूर्यांच्या विवरात मात्र सव्वा दिवसाच्या आसपास वेळ मिळतो. याच विवराचं चित्र २०१९मध्ये प्रसिद्ध झालं होतं. धडपड करून हा वेळ वाढत नाही, उलट इंजिन पेटवून झगडलं तर बहुतेकदा तो कमीच होतो. ही अटळता एका ठरावीक आकाराच्या विवरापुरती नाही हे रॉजर पेनरोझ यांनी १९६५मध्ये सिद्ध केलं, आणि त्या सिद्धतेचा पाया कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली मांडलेल्या समीकरणासारख्याच विचारावर उभा आहे: गुरुत्वाकर्षणामुळे शेजारी शेजारी जाणारे मार्ग एकमेकांकडे वळतात, आणि एकदा पुरेसे वळले की त्यांचं एकत्र येणं थांबवता येत नाही.

एवढं मनात पक्कं झालं की बाष्पीभवनाकडे वळता येतं.

जेकब बेकेनस्टाइन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलं की कृष्णविवराला एंट्रॉपी असली पाहिजे, आणि ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असली पाहिजे. एंट्रॉपी म्हणजे, सोपं करून सांगायचं तर, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या वस्तूच्या आत किती वेगवेगळ्या मांडण्या दडलेल्या असू शकतात त्याचं मोजमाप. ती आकारमानावर नाही तर क्षेत्रफळावर अवलंबून, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आडवी येणार आहे. स्टीफन हॉकिंग यांना ही कल्पना आधी पटली नव्हती. ती तपासायला म्हणून त्यांनी क्वांटम सिद्धांत कृष्णविवराच्या आसपास लावून पाहिला आणि १९७४मध्ये उत्तर आलं ते असं: कृष्णविवराला तापमान असतं, आणि ते उष्ण वस्तूसारखं प्रारण सोडतं. विवर जितकं जड तितकं ते थंड. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या विवराचं तापमान एका केल्विनच्या सुमारे दीड कोटीव्या भागाइतकं.

हे समजावताना सगळे एक गोष्ट सांगतात. पोकळीत कणांच्या जोड्या जन्मतात, क्षितिजाच्या काठावर एखादी जोडी फुटते, एक कण आत पडतो आणि दुसरा निसटतो. हॉकिंग यांनी स्वतःही ही गोष्ट सांगितली, पण ती त्यांच्या गणिताची सावली आहे, गणित नव्हे. या प्रारणाची तरंगलांबी विवराइतकी किंवा त्याहून मोठी असते. इतकी पसरलेली लहर काठावरच्या अमुक बिंदूपाशी जन्मली असं म्हणण्याला अर्थ नाही. ती विवराच्या आसपासच्या सगळ्या परिसरात आकाराला येते. आणि महत्त्वाचं म्हणजे ती आतून येत नाही. माठातलं पाणी उडतं तेव्हा पाण्याचे रेणू माठातूनच बाहेर जातात. इथे आत पडलेल्या ताऱ्याचा एकही कण बाहेर येत नाही. म्हणून 'बाष्पीभवन' हाही शब्द 'विवर' या शब्दाइतकाच दिशाभूल करणारा आहे असं माझं मत आहे.

मग वजन घटतं कसं? बाहेर निसटणाऱ्या लहरीला आत एक जोडीदार असते, आणि ती ऋण ऊर्जा घेऊन आत जाते. ऋण ऊर्जा ऐकून भाचीनं भुवया उंचावल्या, तशा तुमच्याही उंचावल्या असतील. पण मघाची अदलाबदल आठवा. ऊर्जा ही काळाशी बांधलेली राशी. क्षितिजाच्या आत त्याच राशीचं नातं काळाऐवजी एका दिशेशी जुळतं, म्हणजे ती संवेगासारखी वागते. संवेग डावीकडे असू शकतो तसा उजवीकडेही. त्याला धन-ऋण दोन्ही चालतं. बाहेर जी गोष्ट अशक्य, ती आत अगदी साधी. म्हणून विवरातून काही बाहेर काढून वजन घटत नाही, तर आत उणं घालून घटतं.

इथे मला एका गुजराती गणितज्ञाचं नाव आवर्जून घ्यायचं आहे, आणि ते घेताना मला खरंच आनंद होतो. प्रल्हाद चुनीलाल वैद्य. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बनारस हिंदू विद्यापीठात विष्णु वासुदेव नारळीकर यांच्यापाशी संशोधनासाठी गेले. हे नारळीकर म्हणजे जयंत नारळीकरांचे वडील. आइन्स्टाइनच्या समीकरणांची तोवरची प्रसिद्ध उकल, श्वार्ट्‌झशिल्डची, अशा गोलासाठी होती ज्याचं वस्तुमान कधी बदलत नाही. पण खरा तारा प्रकाश टाकतो, म्हणजे वस्तुमान गमावतो. अशा, वेळेबरोबर हलक्या होत जाणाऱ्या ताऱ्याभोवतीचं अवकाश कसं असेल, याची नेमकी उकल वैद्यांनी शोधली आणि ती १९४३मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा कृष्णविवर हा शब्दसुद्धा रूढ नव्हता. तीस वर्षांनी हॉकिंग आले, आणि आटत जाणाऱ्या विवराचं गणित मांडायला लागणारी चौकट आधीच तयार होती: वैद्यांच्या उकलीत प्रकाशाची दिशा आतली घ्यायची आणि ऊर्जा ऋण धरायची. आजही कुठल्याही देशात आटत्या विवराच्या आतलं चित्र काढायचं, तर बहुतेकदा सुरुवात 'वैद्य मेट्रिक'नं, म्हणजे याच उकलीनं, होते. वैद्य पुढे गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या बडोद्यातल्या किती शाळांमधल्या मुलांना हे नाव माहीत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

आटायला लागणारा वेळ अवाढव्य आहे. सूर्याइतक्या विवराला साधारण २ वर ६७ शून्यं इतकी वर्षं लागतील. विश्वाचं आजचं वय जेमतेम १३८० कोटी वर्षं आहे. शिवाय अशी विवरं आज आटतच नाहीत. अवकाशात सगळीकडे २.७ केल्विनचं प्रारण पसरलेलं आहे, त्यापुढे ही विवरं फार थंड आहेत, म्हणून ती सोडतात त्यापेक्षा जास्त शोषतात. आज निव्वळ घट व्हायची, तर विवर चंद्राच्या साधारण ६० टक्के वस्तुमानाहून हलकं हवं, आणि त्याची त्रिज्या केसाच्या जाडीइतकी असेल. उलट शेवट मात्र झपाट्यानं येतो, कारण हलकं होताना विवर तापत जातं. शेवटच्या सेकंदाच्या सुरुवातीला त्याच्यात काही शे टन वस्तुमान उरलेलं असतं, आणि ते सगळं त्या एका सेकंदात ऊर्जा होऊन जातं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे.

एक गैरसमज आधी दूर करतो. पुष्कळांना वाटतं, आत पडलेला माणूस आपल्याभोवती विवर आटताना पाहत असेल. सॅजिटेरियस ए-स्टारमध्ये तुम्ही आज पडलात तर तुमचा सगळा वेळ एका मिनिटात संपतो. त्या विवराला आटायला १ वर ८७ शून्यं इतकी वर्षं लागतील. तुमच्या त्या मिनिटात आटण्याचा मागमूसही नसतो. तुम्हाला तर आपण सीमा ओलांडली हेही कळत नाही. म्हणजे 'आटताना आत काय होतं' हा प्रश्न एका माणसाच्या अनुभवाचा नाही. वेगवेगळ्या वेळी आत गेलेल्या, एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या गोष्टींचा एकत्र हिशेब करायचा आहे. त्यासाठी आतल्या संपूर्ण प्रदेशाचा एक 'आत्ता' ठरवावा लागतो, आणि तो अनेक तऱ्हांनी ठरवता येतो.

२०१५मध्ये मारिओस ख्रिस्टोडूलू आणि कार्लो रोवेली यांनी एक साधा प्रश्न विचारला: क्षितिजाच्या आत जास्तीत जास्त किती घनफळाचा 'आत्ता' बसवता येतो? शाळेत गोलाचं घनफळ काढतो तसं काढलं तर उत्तर चुकतं, कारण आतलं अवकाश चेंडूच्या आतल्या पोकळीसारखं नाही. ते नळीसारखं आहे. नळीची त्रिज्या क्षितिजाच्या त्रिज्येच्या पाऊणपट, आणि लांबी? लांबी वाढत जाते. विवर जितकं जुनं तितकी नळी लांब. सोऱ्यातून शेव पडत राहावी तशी तोंडापाशी नवी लांबी जोडली जात राहते, आणि आधीची तशीच मागे राहते. नळीच्या अगदी दूरच्या टोकाला तो मूळ तारा, ज्याच्या कोसळण्यातून विवर जन्मलं. त्याच्या अलीकडे नंतर पडलेलं, त्याच्या अलीकडे त्यानंतरचं. या हिशेबानं अब्जावधी वर्षं जुन्या सॅजिटेरियस ए-स्टारच्या आत लाखो सूर्यमाला मावतील इतकी जागा आहे, आणि बाहेरून त्याची त्रिज्या आहे सुमारे सव्वा कोटी किलोमीटर, म्हणजे बुध आणि सूर्य यांच्यातल्या अंतराहून कितीतरी कमी.

आणि विवर आटायला लागलं की? ख्रिस्टोडूलू आणि टोमासो दे लोरेंझो यांनी २०१६मध्ये तेही काढून दाखवलं. तोंड आक्रसतं तशी नव्यानं जोडली जाणारी नळी बारीक होत जाते, पण आधीची जाड नळी कुठेही जात नाही. एकूण घनफळ वाढतच राहतं, थेट तोंड अतिसूक्ष्म होईपर्यंत. म्हणजे सुरईसारखा आकार: मान सुईच्या छिद्राएवढी आणि मागे प्रचंड पोट. पहिल्यांदा ही गोष्ट मला नीट समजली तेव्हा मी थोडा वेळ वाचायचं थांबलो होतो. आपण सगळे बाष्पीभवन ऐकून मनात रिकामं होत जाणारं भांडं पाहतो. प्रत्यक्षात ती वाव आहे. वरचा चर बुजत जातो आणि खाली मजले वाढत जातात.

पण मग बेकेनस्टाइनचं काय? दडलेल्या मांडण्यांचं मोजमाप तोंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणातच असू शकतं असं त्यांचं सूत्र सांगतं. तोंड लहान होत चाललंय. आत मात्र जागा वाढतेय, आणि त्या जागेत रोज नवं काहीतरी जातंय.

काय जातंय? बाहेर निसटणाऱ्या प्रत्येक लहरीची आतली जोडीदार. या दोघींत क्वांटम सिद्धांतातलं एक खास नातं असतं, ज्याला एन्टँगलमेंट म्हणतात. मी त्याला सांगड म्हणेन. सांगड असलेल्या दोन गोष्टींची पूर्ण माहिती जोडीत असते, एकेकटीत नसते. एकटीकडे पाहिलं तर ती निव्वळ गोंगाटासारखी दिसते. हॉकिंग यांच्या गणितात विवर आटत जातं तशा बाहेर अशा सुट्या अर्ध्या जमत जातात आणि त्यांच्या जोडीदारणी आत साठत जातात. शेवटी विवर नाहीसं झालं की आतल्या सगळ्या जोडीदारणीही जातात. बाहेर उरतो फक्त गोंगाट. आत काय पडलं होतं, तारा, ग्रह की मोडी कागदांचं दप्तर, याचा काही पुरावा राहत नाही.

हे का खटकतं? मोडी कागद जाळला तर माणसाला तो पुन्हा वाचता येत नाही, हे खरं. पण राख, धूर, उष्णता यांतला एकेक कण नेमका मोजता आला तर कागदावर काय लिहिलं होतं हे तत्त्वतः काढता येतं. क्वांटम सिद्धांतात माहिती विखुरते, पुसली जात नाही. हॉकिंग यांनी १९७६मध्ये म्हटलं की कृष्णविवर ती खरोखर पुसतं. १९९३मध्ये डॉन पेज यांनी या तंट्याला नेमकं वळण दिलं. माहिती टिकायची असेल, तर बाहेरच्या प्रारणाचा गोंगाट आधी वाढला तरी एका टप्प्यानंतर तो घटायला हवा, कारण तोवर तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे अर्ध्यावर येतं आणि आतल्या जोडीदारणींना बसायला, बेकेनस्टाइनच्या हिशेबानं, जागाच उरत नाही. हा टप्पा विवराच्या आयुष्याच्या अर्ध्याहून थोडा पुढे येतो. त्या वेळी विवर अजून चांगलं मोठं असतं, त्यामुळे शेवटच्या क्षणी काहीतरी विलक्षण घडून सगळं सावरेल, ही सबब चालत नाही. ओहायोत काम करणारे समीर माथुर यांनी २००९मध्ये आणखी एक पळवाट बंद केली: हॉकिंगच्या गणितात प्रत्येक लहरीमागे थोडीथोडी दुरुस्ती करून हा हिशेब जुळत नाही. काहीतरी मोठं बदलावं लागतं.

माथुर यांचं स्वतःचं उत्तर असं की आत असं काही नसतंच. सगळे कण म्हणजे सूक्ष्म धाग्यांची कंपनं असं मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतानुसार विवर म्हणजे क्षितिजापर्यंत भरलेला धाग्यांचा गुंता, फझबॉल. वावेचं तोंड दिसतं तिथेच ती संपते. २०१२मध्ये आल्महायरी, मॅरोल्फ, पोल्चिन्स्की आणि सली या चौघांनी दाखवलं की माहिती वाचवायची, क्षितिजापाशी काही जाणवू द्यायचं नाही आणि बाहेरचे नेहमीचे नियमही पाळायचे, हे सगळं एकदम जमत नाही. त्यांनी सुचवलेला पर्याय म्हणजे जुन्या विवराच्या सीमेवर आगीची भिंत.

मग २०१९ आलं. जेफ पेनिंग्टन यांनी एकट्यानं, आणि आल्महायरी, एन्गलहार्ट, मॅरोल्फ, मॅक्सफील्ड यांनी मिळून, एकाच सुमारास दाखवलं की गुरुत्वाकर्षणाचं गणित नीट लावलं तर गोंगाट पेज म्हणाले तसा खरोखर घटतो. त्यामागचं कारण मला सांगायला सगळ्यात अवघड जातं, आणि सांगावंसं सगळ्यात जास्त वाटतं. पेजच्या टप्प्यानंतर प्रारणाची एंट्रॉपी, म्हणजे हा गोंगाट, मोजताना आतल्या एका मोठ्या भागाला प्रारणाच्याच खात्यात धरावं लागतं. तोंडाच्या किंचित आतपासून सुरू होणाऱ्या या भागाला 'बेट' म्हणतात.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. तो गुजरातेत चालतो तसा महाराष्ट्रातही चालतो. बडोद्याजवळच्या पाद्रा गावाकडची जमीन आहे तिथेच राहते. तिच्यावरचा आंबा हलत नाही, बांध हलत नाही. एके दिवशी तलाठ्याच्या दप्तरात नाव बदलतं आणि ती दूर कुठेतरी राहणाऱ्या माणसाची होते. विवरात साधारण असंच घडतं. जोडीदारणी आतच आहेत, नळी तशीच लांब आहे, कोणीही बाहेर आलेलं नाही. पण ज्या अवकाशाला आपण 'आत' म्हणत होतो, त्याचं वर्णन आता बाहेर विखुरलेल्या प्रारणात लिहिलेलं आहे. जोडीतल्या दोघी एकाच खात्यात आल्या की त्यांची सांगड गोंगाट म्हणून मोजली जात नाही. आतली अफाट जागा आणि तोंडाचं चिमुकलं क्षेत्रफळ यांच्यातलं भांडणही इथे सुटतं: वाव खरोखर खोल आहे, मात्र तिचे मजले एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, आणि तोंडामागे स्वतःच्या नावावर उरलेलं फारच थोडं आहे.

माझं प्रामाणिक मत सांगतो. हिशेब जुळला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण सातबाऱ्यावर नाव बदललेलं दिसलं म्हणून फेरफार कसा झाला ते कळत नाही. ही गणितं बरीचशी सोप्या केलेल्या, कमी मितींच्या विश्वांत झाली आहेत, आणि ती एंट्रॉपी देतात. आत पडलेल्या एका विशिष्ट कागदावरचं एक विशिष्ट अक्षर प्रारणात कोणत्या वाटेनं उमटतं, ती वाट दाखवत नाहीत.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाचीनं दुसरा प्रश्न विचारला. तोंड पूर्ण मिटतं तेव्हा मागची वाव तुटून वेगळी होते का? तोंड मिटण्याच्या बेतात असतं तेव्हा विवराचं वस्तुमान असतं सुमारे २२ मायक्रोग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या हजाराव्या भागाएवढं. तिथे आइन्स्टाइनची समीकरणं एकटी पुरत नाहीत, अवकाशाचाच क्वांटम सिद्धांत लागतो. काहींच्या मते तिथे एक अवशेष उरतो, बाहेरून तांदळाच्या दाण्याहून कितीतरी हलका आणि आतून अफाट. तर मूळचे शिरपूरचे, खानदेशातले अभय अष्टेकर यांनी मार्टिन बोजोवाल्ड यांच्याबरोबर २००५मध्ये मांडलेलं चित्र वेगळं आहे. त्यात सिंग्युलॅरिटी हा शेवट नाही. अवकाशाचे सूक्ष्म कण एका मर्यादेपलीकडे दाबले जात नाहीत, त्यामुळे आतल्या माणसाचा तो अटळ 'उद्या' येतो, आणि त्यानंतर परवाही येतो. २०१८मध्ये अष्टेकर, हावियर ओल्मेदो आणि परमप्रीत सिंग यांनी मोठ्या विवरांसाठी हे गणित पुढे नेलं: पलीकडे जे उघडतं ते श्वेतविवर, ज्यात काही शिरू शकत नाही आणि ज्यातून सगळं बाहेरच येतं.

"म्हणजे वावेला दुसऱ्या बाजूनंही पायऱ्या," भाची म्हणाली, आणि वही पुढे ओढून तिनं तळापासून वर जाणारी एक रेघ काढली.